हेमंतच्या बोटीचं काम

जुनं इंजिन पट्ट्यांत बांधून चेन ब्लॉकच्या साखळीला टांगलं होतं. बोटीचा मागचा भाग मोकळा झाला होता आणि मी तिथे नवीन जॅक प्लेटच्या भोकांसाठी खुणा करत होते. तेवढ्यात दामूशेठ म्हणाले की साधी प्लेट नको, हायड्रॉलिकच बसवा.

मी म्हटलं, "शेठ, साधीनं काम होईल. एकदा उंची जमली की बोल्ट आवळून टाकायचे. परत हात लावावा लागत नाही."

"नाय ताय. त्याला हाताशी पायजे. बोटानं दाबला का वर, बोटानं दाबला का खाली. त्याला काय उठून मागं जाता येनार हाय?"

त्याला म्हणजे हेमंतला, त्यांच्या मुलाला. बोट त्याची होती.

मी मरीन इंजिनिअर. बरीच वर्षं मोठ्या जहाजांवर होते. आता सानपाड्याला राहते आणि तुर्भ्याला एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. लहान बोटींच्या मागे बाहेरून लटकवलेलं जे इंजिन असतं, त्याला आउटबोर्ड म्हणतात. आम्ही ती दुरुस्त करतो, आणि दुरुस्तीच्या पलीकडे गेली की काढून नवीन बसवतो. या बदलण्याला आमच्या धंद्यात रिपॉवर म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण जुन्या बोटीला नवीन इंजिन म्हणजे जुन्या माणसाला दुसऱ्याचं हृदय बसवण्यासारखं आहे. वजन, उंची, केबलची लांबी, मागच्या फळीची ताकद, सगळं नव्यानं बघावं लागतं.

हेमंतची बोट परफॉर्मन्स बोट होती, म्हणजे वेगासाठी बांधलेली. साधी बोट पाणी कापत जाते. ही वेग घेतला की पाण्यावर उचलली जाते आणि मागचा हातभर भागच काय तो पाण्याला टेकलेला राहतो. बाहेरच्या देशातून आलेली, मुंबईतल्या कोणीतरी वापरून टाकून दिलेली. हेमंतनं ती भंगाराच्या अवस्थेत घेतली होती आणि एकेक वस्तू जमवत उभी केली होती. बेलापूरच्या जेट्टीवर सगळे तिला ओळखायचे. मीही तिला लांबून पाहिलं होतं. चालवणारा पोरगा चांगला चालवतो, एवढं तेव्हाच लक्षात आलं होतं.

जॅक प्लेट म्हणजे बोटीची मागची फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारी लोखंडी नव्हे, ॲल्युमिनियमची जाड चौकट. तिचा एक भाग बोटीला बोल्टनं पक्का. दुसरा भाग इंजिन घेऊन त्यावर वर-खाली सरकतो. वेगात असताना इंजिन थोडं वर उचललं की पाण्यातला अडथळा कमी होतो आणि बोट आणखी पळते. उथळ पाण्यातही उपयोग होतो, पंखा चिखलाला लागत नाही. पण जास्त उचललं तर पंखा पाण्याऐवजी हवा पकडतो. इंजिन किंचाळतं, बोट धपकन बसते. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत येणंही थांबतं. म्हणून नेमकी कुठपर्यंत उचलायची, यातच सगळं कौशल्य असतं. साध्या प्लेटची उंची जमिनीवर पान्यानं ठरवतात. हायड्रॉलिक प्लेटला छोटा पंप असतो, त्यामुळे चालवता चालवता बटणानं उंची बदलता येते.

दामूशेठ म्हणत होते ते बरोबर होतं. हेमंतला उठून मागे जाता येणार नव्हतं.

दामूशेठ तळवलीचे. वडिलांची शेती होती, ती गेली आणि तिथे बिल्डिंगा आल्या. त्यातल्या काही पुढे यांनीच बांधल्या. अशाच एका बिल्डिंगचं काम चालू असताना हेमंत तिसऱ्या स्लॅबवरून पडला. तिथे कठडा बांधायचा राहिला होता. मणक्याला मार लागला आणि छातीच्या खालचं सगळं शरीर गेलं. हात मात्र शाबूत राहिले. हे मला दामूशेठनी कधीच सांगितलं नाही. जेट्टीवरच्या माणसांनी सांगितलं. कोणाची बिल्डिंग, हेही त्यांनीच सांगितलं.

प्लेट हायड्रॉलिक ठरल्यावर मी त्यांच्या घरी गेले. चालवणारा माणूस कसा बसतो आणि त्याचा हात कुठवर पोचतो, ते मोजायला. हेमंत मोटरच्या पलंगावर अर्धवट उठून बसला होता. खांदे पैलवानासारखे. वर्कशॉपमधलं एक सुटं स्टिअरिंग मी सोबत नेलं होतं. ते त्याच्या हातात दिलं, तेव्हा त्यानं ते दोन्ही हातांत नीट धरलं आणि मांडीवर ठेवून दिलं. मांडीवर ठेवलं की नाही, हे त्यानं मान वाकवून बघून घेतलं.

त्याच्या बोटीत ॲक्सिलरेटर पायाचा होता, गाडीसारखा. वेगवान बोटीत तसा ठेवतात, म्हणजे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. आता तो हाताचा करावा लागणार होता. एक हात ॲक्सिलरेटरवर, एक स्टिअरिंगवर. मग प्लेटचं बटण कुठे? स्टिअरिंगच्या मागे, गाडीच्या इंडिकेटरसारखी दांडी लावायची. मधल्या बोटानं वर, खाली. मी हे सांगत होते आणि तो मान हलवत होता. बोट डावीकडे किती ओढते, किती वेगावर उचलली जाते, सगळी उत्तरं त्यानं मोजक्या शब्दांत दिली. शेवटी एकच प्रश्न विचारला.

"मॅडम, सीटला बेल्ट लावणार?"

"नाही लावता येत. बोट उलटली तर माणूस तिच्याखाली अडकतो."

"बरोबर," तो म्हणाला. "ठीक आहे मग."

दारापाशी उभे राहून दामूशेठ ऐकत होते. मला सोडायला खाली आले तेव्हा त्यांच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

मग पुढचं काम सुरू झालं. आधी मागची फळी. तिला आम्ही ट्रान्सम म्हणतो. बाहेरून फायबर असतं आणि आत प्लायवूड. हातोडीच्या दांड्यानं ठोकत गेलं की सुकं लाकूड टणक वाजतं, ओलं बद्द वाजतं. वरच्या जुन्या भोकांपाशी बद्द वाजलं. माझ्याबरोबर शिंदे असतो, मूळचा साताऱ्याकडचा, राहतो कामोठ्याला, आणि गेली कित्येक वर्षं माझ्या वर्कशॉपचा अर्धा भार त्याच्यावर आहे. त्यानं तेवढा भाग कापून काढला, नवीन प्लाय बसवला, वरून फायबरचे थर चढवले. मग वजन. जुनं इंजिन टू-स्ट्रोक होतं, हलकं. नवीन फोर-स्ट्रोक, चांगलंच जड. त्यात जॅक प्लेटमुळे इंजिन वीतभर मागे सरकतं, आणि मागे सरकलेलं वजन आणखी जड पडतं. बोट मागून बसू लागते. आम्ही दोन्ही बॅटऱ्या उचलून पुढच्या डेकखाली नेल्या, मागे नव्या इंजिनाच्या वजनाइतक्या वाळूच्या गोण्या ठेवून बोट पाण्यात सोडून बघितली, तेव्हा कुठे ती सपाट तरंगली.

दामूशेठ रोज येत होते. आधी प्लास्टिकच्या स्टुलावर नुसते बसायचे. मग टॉर्च धरायला लागले. मग शिंदेनं त्यांना टॉर्क रेंच शिकवला. हा पाना बोल्ट ठरलेल्या जोराइतकाच आवळतो आणि तेवढा झाला की टक् वाजतो. तो टक् आवाज आला की दामूशेठ माझ्याकडे बघायचे. घरून डबा आणायचे, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. शिंदे पहिले काही दिवस नाक मुरडून लांब बसला. नंतर डबा यायला उशीर झाला की तोच रस्त्याकडे बघायचा. दामूशेठची दाढी होऊ लागली. कपडे इस्त्रीचे आले. शिंदे एकदा मला म्हणाला, "म्याडम, मानूस पार बदललाय बगा." मलाही ते दिसत होतं.

मला काळजी होती ती सीटची. अशी बोट लाटेवर आपटते. दर आपटण्याला चालवणारा गुडघ्यात वाकून धक्का घेतो, पायांनी स्वतःला सीटमध्ये रोवून ठेवतो. हेमंतच्या पायांत जीव नव्हता आणि कमरेतही ताकद नव्हती. त्याला बांधलं तर बुडण्याची भीती, नाही बांधलं तर पडण्याची. आम्ही दोन्ही बाजूंनी खोल उशा असलेली सीट बनवून घेतली. छातीला एक रुंद पट्टा दिला, वेल्क्रोचा, एका ओढीत सुटणारा. मग मी स्वतः त्या सीटवर मांडी घालून बसले, पाय वापरायचे नाहीत असं ठरवून, आणि बोट पळवली. पाणी शांत होतं तोवर ठीक चाललं. एका फेरीबोटीची लाट आली आणि मी स्टिअरिंगवर फेकली गेले. हनुवटी फुटली.

दामूशेठना मी स्पष्ट सांगितलं की वेगात ही बोट त्याला झेपणार नाही. ते माझ्या हनुवटीवरच्या पट्टीकडे बघत होते.

"हलू चालवंल तो," ते म्हणाले. "एकदा त्याला पान्यावर बसूं द्या ताय. पान्यावर तो वेगला असतं."

मी अटी घातल्या. भरती पूर्ण असताना, वारा नसताना, मी शेजारी, शिंदे मागे. लाइफ जॅकेट तोंड वर ठेवणारं. आणि इंजिन बंद करणाऱ्या दोरीचं एक टोक माझ्या मनगटाला. त्यांनी सगळ्याला हो म्हटलं.

ठरलेल्या सकाळी बेलापूरला तळवलीची बरीच माणसं आली होती. हेमंतची आई, चुलते, शेजारी. नारळ फुटला. बोट ट्रेलरवर असतानाच हेमंतला खुर्चीतून उचलून सीटवर बसवायचं आणि मग ट्रेलर उतारावरून पाण्यात सोडायचा, असं आम्ही ठरवलं होतं. चार जणांनी त्याला उचललं. पाय दामूशेठनी धरले होते. हेमंतची एक चप्पल खाली पडली. ती उचलून त्यांनी स्वतःच्या खिशात घातली. हेमंत त्या सगळ्या वेळात समोर पाण्याकडे बघत होता. कोणीतरी मोबाइलवर शूटिंग करत होतं, त्याला त्यानं मानेनं नको म्हटलं.

दामूशेठना बोटीत यायचं होतं. वजनाचं कारण सांगून मी त्यांना जेट्टीवर ठेवलं. खरं कारण वेगळं होतं. बाप मागे बसला असता तर पोरानं नको तो धोका घेतला असता, असं मला वाटलं.

हेमंतनं बोट हळू बाहेर काढली. कोळ्यांच्या होड्यांच्या मधून, कोणालाही लाट न लागू देता. हात इतका सफाईदार होता की मला बरं वाटलं. मोकळ्या पाण्यात आल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि त्यानं ॲक्सिलरेटर पुढे केला. बोट उचलली गेली. पाणी काचेसारखं होतं. आम्ही बसवलेलं सगळं काही बरोबर काम करत होतं. इंजिनाचा आवाज एकसारखा, प्लेट गुळगुळीत, पाण्याचं प्रेशर काट्यावर हवं तेवढं. इंजिनिअर म्हणून माझं काम त्या क्षणी पूर्ण झालं होतं.

त्यानं मधल्या बोटानं दांडी उचलली. प्लेट वर सरकली, वेग वाढला. त्यानं आणखी उचलली. पंख्यानं हवा धरली, इंजिन किंचाळलं, बोट बसली. त्यानं लगेच खाली घेतली. असं कोणाचंही पहिल्या खेपेला होतं. त्यानं परत प्रयत्न केला आणि परत तसंच झालं. तिसऱ्या वेळी त्याची नजर काट्यावर खिळलेली होती, म्हणजे आता तरी चुकू नये. समोर त्याचं लक्ष नव्हतं. जाळ्याचे खुंट रोवलेले होते तिकडे आम्ही सरळ चाललो होतो. मी त्याच्या हातावर हात ठेवून ॲक्सिलरेटर मागे ओढला. पट्टा छातीला होता तरी तो पुढे झुकला आणि त्याला सरळ व्हायला वेळ लागला. शिंदेनं मागून खांदे धरून त्याला बसवलं.

हेमंतनं इंजिन बंद केलं. बोट तरंगत राहिली.

"लागलं का?" मी विचारलं.

"मला कळत नाही लागलं तर," तो म्हणाला. रागानं नाही. माहिती दिल्यासारखं.

थोड्या वेळानं तो बोलू लागला. पूर्वी काट्याकडे बघावंच लागायचं नाही, म्हणाला. पंखा पाणी सोडायच्या आधी सीटमधून एक बारीक थरथर यायची, पायाच्या तळव्यांना कळायची. तेवढ्यावर तो इंजिन खाली घ्यायचा. बोट काय करणार आहे ते त्याला बोटीच्या आधी कळायचं.

"आता खालून काहीच येत नाही मॅडम. टीव्हीवर बघितल्यासारखं वाटतं. बोट दुसरंच कोणीतरी चालवतंय."

मी म्हटलं सवय होईल, कान तयार होतील, मीटर आणखी मोठा लावू. त्यानं माझं बोलणं संपू दिलं.

"तुमी घरी माप घ्यायला आलात ना, तेव्हाच मला माहीत होतं."

"मग थांबवलं का नाहीस?"

"पप्पा उठले म्हणून." तो पाण्याकडे बघत बोलत होता. "वर्षभर ते माझ्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसायचे. साइटवर नाही, जेवायला नाही. नुसते माझ्याकडे बघत बसायचे. मी डोळे मिटून पडायचो, तरी मला कळायचं ते बघतायत. बोटीचं काम चालू झालं तसं ते माझ्याकडे बघायचे थांबले."

शिंदेनं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

"तुमी त्यांना सांगा काहीतरी राहिलंय. पार्ट यायचाय. काय पण सांगा. काम संपवू नका."

मी कामात खोटं बोलत नाही. हे काही मोठेपण म्हणून सांगत नाही. आमच्या धंद्यात खोटं पाण्यावर उघडं पडतं आणि त्यात माणूस जातो. मी त्याला सांगितलं की हे मला जमणार नाही. तो म्हणाला, बरं. मग स्वतःच इंजिन चालू करून त्यानं बोट परत नेली. हळू, फार सुंदर.

जेट्टीवर दामूशेठ गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. चप्पल अजून खिशातच होती. त्यांनी हेमंतला विचारलं नाही, मला विचारलं.

"कशी चालली ताय?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, "चांगली चालली. प्लेटची सेटिंग थोडी राहिली आहे. परत वर्कशॉपला न्यावी लागेल."

त्यांनी मान डोलवली आणि मुलाचे पाय धरायला पुढे झाले.

तेव्हापासून एक विचित्र काम आमच्या अंगावर आलं, झालेलं काम होऊ न देण्याचं. शिंदे सकाळी प्लेटचे बोल्ट सैल करायचा, दामूशेठ आले की ते आम्ही परत आवळायचो. पंपाचं तेल काढलं, तेच गाळून परत भरलं. वायरिंग उघडून पुन्हा बांधलं. बाकीची कामं अडून राहिली. शिंदे एरवी माझ्या शब्दाबाहेर नाही, पण तोही एकदा म्हणाला, "म्याडम, बरा मानूस हाय वो. त्याच्या म्होरं असलं नाटक करायचं म्हंजी माजा हात चालंना." माझाही चालत नव्हता. पण रोज तो माणूस दाढी करून यायचा.

आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. दामूशेठ आता काम शिकले होते.

एका दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांनी टॉर्क रेंच लावला आणि खालच्या उजव्या बोल्टपाशी थांबले. बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या रंगाची रेघ असते. आवळून पक्का झाला की आम्ही ती ओढतो, म्हणजे हलला तर कळतं. त्या डोक्यावर जुनी रेघ, तिच्या शेजारी दुसरी, तिच्याही शेजारी आणखी एक.

त्यांनी रेंच खाली ठेवला. शिंदे हात पुसत बाहेर निघून गेला.

"ताय, काम झालाय ना?"

"हो."

"कवा?"

"पाण्यात उतरवली त्याच्या आधीच."

ते स्टुलावर बसले. शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू होता, तो थांबला तेव्हा त्यांनी वर बघितलं.

"त्याला नाय जमनार," ते म्हणाले. विचारत नव्हते.

"नाही जमणार शेठ. हातांचा प्रश्न नाही. त्याला बोट जाणवत नाही."

"त्यानं सांगितला लपवाला?"

मी हो म्हटलं. मग मी त्यांना दुसरं काहीतरी द्यायचा प्रयत्न केला. सपाट, रुंद, हळू चालणाऱ्या बोटी असतात, खुर्चीसकट माणूस चढतो, मी तशी एक बघून देईन, अशी सगळी माहिती देत सुटले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले की तसं एकदा त्यांनीच हेमंतला विचारलं होतं, अगदी सुरुवातीला. तो म्हणाला होता, पप्पा, मला बोटीत बसायचं नाही, मला बोट चालवायची आहे.

"कठडा लावाचा राहिला," ते म्हणाले. एवढंच, आणि मधेच थांबले. या विषयावर त्यांच्या तोंडून मी ऐकलेले तेवढेच शब्द. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

उठताना म्हणाले, "मना कललाय ता त्याला सांगू नका."

"शेठ, आता तरी दोघं बोला एकमेकांशी."

"काय बोलू?" त्यांनी मला खरंच विचारलं. मी सांगेन म्हणून ते थांबले.

"मी घरात बसलो का तो डोले मिटून पडतं," ते म्हणाले. "झोपलेला नसतं. मना समाजतं. मी भायेर असलो का तो मोबाइल बघतं, आईशी बोलतं, जेवतं. मंग मी येतो हितं. तुमाला चालंल ना?"

बोट अजून माझ्या शेडमध्ये आहे. कामात पूर्ण, जागेवरून न हललेली. विकायचं मी एकदा सुचवलं, त्यावर दोघांनीही विषय बदलला. दामूशेठ येतात, पूर्वीसारखे रोज नाही, पण चुकत नाहीत. इंजिनाला पाण्याचा पाइप जोडून ते थोडा वेळ चालू ठेवतात, कारण नवीन इंजिन नुसतं उभं राहिलं तर खराब होतं. प्लेट पूर्ण वर नेतात, पूर्ण खाली आणतात. मग स्टुलावर बसतात. आमच्याकडे हात धुवायचा चांगला साबण आहे, ग्रीस लगेच निघतं. ते हात धुवत नाहीत. तसेच काळे हात घेऊन घरी जातात. हेमंतचा मला मधूनमधून फोन येतो. काम चालू आहे ना, एवढंच विचारतो. मी चालू आहे म्हणते. दोघांपैकी कोणाला काय माहीत आहे, हे आता मलाही नीट सांगता येणार नाही, आणि मी विचारतही नाही.

धंद्यापुरतं मी यातून एक शिकले. रिपॉवरसाठी कोणी आलं की आधी किती हॉर्सपॉवर, कुठली प्लेट, हे आता मी विचारत नाही. बोट जो चालवणार आहे त्याला वर्कशॉपच्या जुन्या बोटीत बसवते आणि खाडीत एक फेरी मारून आणते, त्याच्या स्वतःच्या हातानं. मगच जुन्या इंजिनाच्या बोल्टला पाना लावते. शिंदे म्हणतो, याच्यानं काही गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात. जातात.